शेतातला मातीचा बांध: सांडवा बुजवू नका, आणि बाकीच्या चुका

मराठवाड्यात पाण्याची भीती दोन्हीकडून असते. आठ महिने ते नसतं, आणि सप्टेंबरातल्या एखाद्या रात्री ते आवरत नाही. २०२५च्या सप्टेंबरात धाराशिव, बीड, लातूरकडे अतिवृष्टीने शेतं खरवडून नेली, तरी स्वतःचा बांध घालताना आपण पहिल्या भीतीचंच ऐकतो: थेंबही जाऊ द्यायचा नाही. सगळ्यात महागात पडणारी चूक त्यातूनच होते.

ती म्हणजे सांडव्याशी, म्हणजे तळं भरल्यावर जादा पाणी बाहेर जायच्या वाटेशी छेडछाड. परतीचा पाऊस लागला की सांडव्यात वाळूच्या गोण्या रचून पाणी फूटभर चढवायचं. "जाऊ कशाला द्यायचं, अडव की!" मासे सोडले असतील तर ते वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याला बारीक जाळी. पहिल्याच पुरात तिच्यात पऱ्हाट्या, धसकटं, प्लॅस्टिक अडकतं आणि सांडवा बंद होतो. मग पाणी बांधावरून जातं. मातीच्या बांधाला ते सोसत नाही. मागच्या, म्हणजे पाण्याच्या उलट बाजूच्या उतारावर आधी बोटभर ओघळ पडते, ती खालून वर कापत माथ्याला भिडते, आणि तिथून पुढे थांबवायला वेळ उरत नाही.

साधा हिशेब करून बघा. वरचं पाणलोट २० हेक्टर, तासाला ७५ मिलिमीटर वेगाचा पाऊस, त्यातलं निम्मं पाणी वाहून आलं, तर तळ्यात सेकंदाला २ घनमीटरहून थोडं जास्त पाणी येतं. सांडव्यावरून दीड फूट उंचीने ते जाऊ द्यायचं तर सांडवा किमान ४ मीटर रुंद लागतो. त्याऐवजी बरेच जण भरावात ९ इंची पाईप घालतात. मीटरभर दाबाखाली तो सेकंदाला शंभर-सव्वाशे लिटर काढेल, म्हणजे गरजेच्या विसाव्या हिश्श्याइतकं. सांडवा काढायचा तो बांधाच्या टोकाला, मूळच्या कठीण जमिनीत. पुरातल्या पातळीच्या वर माथा निदान दोन फूट मोकळा ठेवा.

माथ्याची उंची सगळीकडे सारखी आहे, असं धरून चालू नका. पलीकडच्या वावरात जायला ट्रॅक्टर बांधावरूनच नेतात, आणि दोन-तीन वर्षांत त्या चाकोरीत माथा सहज फूटभर बसतो. पाणी पहिल्यांदा तिथूनच उलटतं. मे महिन्यात गवंड्याची पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घेऊन टोकापासून टोकापर्यंत लेव्हल तपासा आणि खोलगट जागी ओला मुरूम ठोकून भरा.

एखाद्या रात्री पाणी चढतच राहिलं तर आधी खालच्या वस्तीला फोन करा. सांडव्यात अडकलेलं काही बाजूला उभं राहून निघत असेल तरच काढा. फावडं चालवायचंच असेल तर सांडव्याकडच्या मूळ जमिनीत. भरावाला हात लावू नका आणि बांधावर उभे राहू नका.

पाझर दिसला म्हणजे

पायथ्याला ओल आहे, थोडं नितळ पाणी येतंय आणि ते वाढत नाही, एवढ्याने घाबरायचं कारण नाही. खाली बादली लावा आणि ती किती वेळात भरते ते आठवड्याला लिहून ठेवा. वेळ कमी व्हायला लागली किंवा पाणी गढूळ झालं, तर बांधाच्या पोटातली माती वाहून चालली आहे. अशा वेळी मागच्या बाजूने चिकणमातीचा लेप देऊन ते बंद करू नका. आत दाब वाढून पाणी दुसरीकडून फुटेल. त्या जागी आधी वाळू, तिच्यावर बारीक खडी, वर दगड असे थर द्या. पाणी निघेल, माती अडेल. मग तळ्याची पातळी हळूहळू उतरवा.

हळूहळू, हे महत्त्वाचं. दोन-तीन मोठ्या मोटारी लावून तळं एकदम उपसलं की पुढच्या, म्हणजे पाण्याकडच्या उताराची ओली माती पाण्याचा आधार जाऊन घसरते.

पाझराचं मूळ बहुधा बांधकामातच असतं. आपली काळी माती पाणी धरते, पण उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून ती बांधाच्या पोटात आणि वरून मुरूम. खाली पाया-चर कठीण मुरूम किंवा दगड लागेपर्यंत. जेसीबीने ढीग टाकून बकेटने थापटणं म्हणजे दबाई नव्हे. १५ ते २० सेंटिमीटरचा थर, बेताची ओल, वर रोलर. मुठीत मातीचा लाडू वळला पाहिजे, पण हाताला चिखल लागता कामा नये. बांधाच्या लांबीला आडवी जाणारी भेग सगळ्यात वाईट. ती उकरून, ओली माती ठोकून भरा. कोरडी माती वरून लोटून काही होत नाही.

बाभळी, सुबाभळी लहान असतानाच उपटा. मोठं झाड तोडून मुळं तशीच ठेवली की कुजल्यावर आत पोकळ्या राहतात. बांधावर हरळी किंवा मारवेल पुरे. घुशींची बिळं पावसाआधी खोदून भरा. मोटारीचा पाईप भरावातून नव्हे, माथ्यावरून न्या.

साठवलेलं पाणी कशाला

बोअरचं पाणी उपसून शेततळं भरणं मला पटत नाही. एप्रिल-मे महिन्यात उघड्या पाण्याची रोज ८ ते १० मिलिमीटर वाफ होते. ३० बाय ३० मीटरच्या भरलेल्या तळ्यातून दिवसाला आठ हजार लिटरच्या आसपास पाणी उडतं. जमिनीच्या पोटात होतं तिथे ते सुरक्षित होतं. एवढंच तळं ३ मीटर खोल असेल तर उतार धरून साधारण २० लाख लिटर साठतं. एकराला ५ सेंटिमीटर पाणी द्यायला दोन लाख लिटर लागतात. ऑगस्टमधल्या पावसाच्या खंडात सोयाबीन शेंगा भरत असताना तुषार सिंचनाने दिलेलं एक पाणी किंवा हरभऱ्याला फुलोऱ्याआधीचं एक पाणी, याच्यासाठी ते ठेवा. नाल्यावरच्या बांधाचा मोठा उपयोग खालच्या विहिरींना; पण नाल्याला हात लावण्याआधी परवानगी घ्या.

प्लॅस्टिक कागदाचं तळं असेल तर आणखी एक. शेवाळलेल्या कागदावरून पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. चहूबाजूंनी जाळीचं कुंपण आणि फाटकाला कुलूप हवंच. चारही बाजूंना खुंट्यांना बांधून, फूटफूटभर अंतरावर गाठी मारलेले दोर तळापर्यंत सोडा. नायलॉन उन्हाने ठिसूळ होतं, तेव्हा दरवर्षी पावसाआधी ते ओढून बघा आणि कच्चे झालेले बदला.