हात आखडता असतानाची ऑनलाइन तयारी

सगळ्यात आधी घरातल्या कुणाचा तरी फोन मागून घ्या. तुमचा नको. तुम्ही स्वतःचंच नाव इतक्या वेळा शोधलेलं असतं की तुमचा फोन तुम्हाला खूश ठेवायला शिकलेला असतो. त्या दुसऱ्या फोनवर गूगलमध्ये तुमच्या धंद्याचं नाव टाका. मग नाव पुसून फक्त काम टाका, म्हणजे घड्याळ दुरुस्ती, पडदे शिवणं, हिशेब लिहिणं, जे काय करत असाल ते. समोर येईल ते कागदावर उतरवा, आणि दिसेल त्या नंबरावर फोन लावा. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांबरोबर मी हे केलं, तेव्हा पलीकडून एक बाई वैतागून म्हणाल्या, "अहो, घड्याळवाले नाही हो आम्ही! रोज किती जणांना सांगू?" नंबरातला एक आकडा चुकलेला होता. गृहस्थ गिऱ्हाईक नाही म्हणून जाहिरातीला पैसे काढायच्या विचारात होते, आणि गिऱ्हाईक रोज त्या बाईंच्या घरी जात होतं.

तंगीच्या दिवसांत तयारीचा क्रम यावरूनच ठरतो. जे लोक आपल्याला शोधतच आहेत ते वाटेत कुठे हरवतात ते आधी बघायचं, मग जुन्या गिऱ्हाइकांकडे जायचं, आणि अनोळखी माणसाला पैसे मोजून बोलवायची पाळी शेवटी. बहुतेक जण नेमकं उलटं करतात.

एक वही घ्या आणि तिच्यात चाव्यांचा हिशेब मांडा. वेबसाइट असेल तर तिचं नाव, म्हणजे डोमेन, कुणाच्या ईमेलवर नोंदवलंय? मुदत कधी संपते? फेसबुकवर पेज असेल तर त्याचा मालक कोण? या प्रश्नांवर "भाच्याने करून दिलं होतं" हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही. भाचा चांगलाच असतो, पण तो नोकरीला लागतो, त्याचं जुनं ईमेल बंद पडतं, आणि मुदत संपल्याची सूचना त्याच बंद डब्यात जाऊन पडते. सगळं स्वतःच्या ईमेलवर आणा. दोन टप्प्यांची पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खूण मागणारी सोय, चालू करा. फोन हाताशी नसेल तेव्हा आत शिरायला गूगल 10 बॅकअप कोड देतं, ते कागदावर छापून गल्ल्यात ठेवा. आणि "गूगलमधून बोलतोय, लिस्टिंग बंद होणार आहे, अमुक इतके भरा" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. लिस्टिंग म्हणजे गूगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणारं तुमच्या धंद्याचं प्रोफाइल. ते फुकट असतं, चालू ठेवायला गूगल पैसे मागत नाही.

आता ते प्रोफाइलच. गूगल बिझनेस प्रोफाइल, 2021 पर्यंत याला गूगल माय बिझनेस म्हणायचे. नाव पाटीवर आहे तसंच लिहा. नावापुढे 'स्वस्त', 'खात्रीशीर', 'नंबर एक' असली शेपटं जोडायचा मोह होतो, पण ते नियमात बसत नाही आणि त्यापायी प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. धंद्याचा मुख्य वर्ग (कॅटेगरी) एकच निवडता येतो, तिथे घाई करू नका, कारण तुम्ही कोणत्या शोधात दिसणार हे बरंचसं त्यावर ठरतं. आसपासच्या शोधात क्रम लावताना शोधाशी जुळणं, अंतर आणि ठळकपणा (म्हणजे तुमचा धंदा किती माहीत आहे) या तीन गोष्टी बघतो, असं गूगल स्वतःच सांगतं. अंतर तुमच्या हातात नाही, उरलेल्या दोन थोड्याफार आहेत. तुम्ही गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन काम करत असाल तर पत्ता झाकून फक्त सेवा देता तो भाग दाखवता येतो. धंदा खरा आहे ना हे पडताळायला गूगलने व्हिडिओ मागितला, तर पाटी, आजूबाजूचा परिसर, हत्यारं आणि कुलूप उघडणारा तुमचा हात हे सगळं न थांबता एका दमात घ्या. सुट्टीच्या वेळा आधीच भरून ठेवा. बंद दारापर्यंत येऊन परत गेलेला माणूस फोन करून तक्रार करत नाही, तो फक्त पुन्हा येत नाही.

अभिप्राय मागायला लाजू नका, मात्र काम झाल्या झाल्या मागा. लिंक आणि क्यूआर कोड प्रोफाइलमधूनच मिळतो. अभिप्रायाच्या बदल्यात सूट देणं नियमबाह्य आहे, आणि फक्त खूश दिसणाऱ्यांनाच विचारणंही. वाईट अभिप्राय आला तर एक रात्र जाऊ द्या, मग चार ओळीत उत्तर द्या. ते उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षा पुढे वाचणाऱ्यांसाठी असतं.

यानंतरचं काम कंटाळवाणं आहे, पण माझ्या मते सगळ्या यादीत सर्वात कमाईचं. जुनी बिलं, फोनमधले नंबर, डायरीची पानं काढा आणि गेल्या दोन-तीन वर्षांतल्या प्रत्येक गिऱ्हाइकाची एक ओळ करा: नाव, नंबर, काय घेतलं, कधी घेतलं, आणि संदेश पाठवलेला चालेल का असं आपण विचारलंय का. शेवटचा रकाना गाळू नका. व्हॉट्सअॅप बिझनेस हे अॅप 2018 पासून आहे, फुकट आहे, आणि त्यात मालाची यादी, ठरावीक उत्तरं, गिऱ्हाइकांना लावायची लेबलं असं सगळं मिळतं. फक्त एक खोच लक्षात ठेवा. एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवणाऱ्या ब्रॉडकास्ट यादीत 256 जण बसत असले, तरी ज्यांनी तुमचा नंबर साठवून ठेवलाय त्यांनाच तो संदेश पोचतो. तेव्हा बिल देताना "नंबर सेव्ह करून ठेवा हं" हे वाक्य तोंडात बसवून घ्या.

आणि पाठवायचं काय? फुलांचं चित्र आणि शुभ सकाळ नको, लोक तुम्हाला म्यूट करून टाकतात. त्या ओळीत जे लिहिलंय त्यावरून लिहा. उदाहरणार्थ: "नमस्कार, दीड वर्षापूर्वी तुमच्या भिंतीवरच्या घड्याळात आपण नवीन मशीन बसवलं होतं. वेळ मागे पडत असेल तर एकदा आणून दाखवा, तपासायचे पैसे घेत नाही." यात सूट नाही, आरडाओरडा नाही, आणि हे दुसरं कुणी पाठवू शकत नाही, कारण ते घड्याळ तुम्ही उघडलेलं आहे. असे दहा संदेश एकेकाला पाठवणं हे एकच संदेश दोनशे जणांना ढकलण्यापेक्षा मला बरं वाटतं.

ईमेल वापरत असाल तर साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला 500 च्या वर पाठवता येत नाही. शिवाय फेब्रुवारी 2024 पासून जीमेल आणि याहू पाठवणाऱ्याची ओळख पटवून मागतात. स्वतःच्या डोमेनवरून पाठवत असाल तर एसपीएफ आणि डीकेआयएम या नोंदी, म्हणजे पत्र खरंच तुमच्याकडून आलंय हे सांगणाऱ्या डोमेनच्या सेटिंग, लावून घ्या, नाहीतर पत्र स्पॅममध्ये पडतं. 'यादीतून नाव काढा' ही सोय प्रत्येक पत्राखाली असू द्या.

स्वतःचं एक तरी पान हवं. बिझनेस प्रोफाइलवरून फुकटात बनणाऱ्या वेबसाइट गूगलने मार्च 2024 मध्ये बंद केल्या. ज्यांचं सगळं तिथेच होतं त्यांची धावपळ झाली. एकच पान पुरतं: काय करता, कुणासाठी, किती दिवसांत होतं, बोट लावताच फोन लागेल असा नंबर. फोटो खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात काढा, आणि चढवण्याआधी आकाराने लहान करा. पान किती वेगाने उघडतं ते पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या फुकटच्या साधनात तपासून बघा. पान रखडत असेल तर बऱ्याचदा त्याला अवजड फोटोच कारण निघतात.

इथपर्यंत झाल्याशिवाय जाहिरातीचं बटण दाबू नका. दाबायचंच तर आधी मेटाच्या, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामवाल्या कंपनीच्या, अॅड लायब्ररीत जाऊन तुमच्यासारख्यांच्या चालू जाहिराती बघा, ती सगळ्यांना खुली आहे. महिनोन्‌महिने चालू असलेली जाहिरात बहुधा परवडत असावी. गूगल अॅड्समध्ये सर्च मोहीम, म्हणजे शोधणाऱ्यांना दिसणारी जाहिरात, बनवताना डिस्प्ले नेटवर्कची (इतर वेबसाइट-अॅपवर जाहिरात दाखवायची) खूण काढून टाका. जागेच्या सेटिंगमध्ये त्या भागात 'असलेले' लोक निवडा. नाहीतर त्या भागात नुसता 'रस' असलेलेही मोजले जातात. 'नोकरी', 'कोर्स', 'फुकट' असे शब्द नकाराच्या यादीत टाका, म्हणजे ते शोधणाऱ्यांना जाहिरात दिसणार नाही. दिवसाचं बजेट ठरवलं तरी एखाद्या दिवशी दुप्पट खर्च पडू शकतो. महिन्याचा आकडा मात्र दिवसाच्या 30.4 पटीच्या वर जात नाही. पहिल्याच दिवशी आकडा बघून घाबरून मोहीम बंद करणारे पुष्कळ, म्हणून हे सांगितलं.

मोजमापाला सुरुवातीला तीच वही पुरते. येणाऱ्या प्रत्येकाला "कुठून कळलं?" विचारा आणि गूगल, व्हॉट्सअॅप, ओळखीतून, जाहिरात अशा चार रकान्यांत रेघ ओढा. लिंक पाठवत असाल तर तिला यूटीएमची शेपटी (लिंक कुठे दिली ते सांगणारे शब्द) जोडा, म्हणजे वेबसाइटवर येणारे मोजणाऱ्या गूगल अॅनालिटिक्समध्ये कुठून कोण आलं ते वेगळं दिसतं. महिनाभराने ज्या रकान्यात रेघाच नाहीत तिथला वेळ काढून घ्या. आणि वहीच्या पहिल्या पानावर डोमेनची मुदत संपायची तारीख मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, भाच्यालाही सांगा.