वनपिंगळा पाहायला जाताय? या चुका टाळा

वनपिंगळा म्हणजे जंगलातलं छोटं घुबड. दर हिवाळ्यात मेळघाटाहून परतलेल्यांचे फोटो येतात, "वनपिंगळा मिळाला!" उघडून पाहावं तर बहुतेक वेळा गावातल्या चिंचेवर बसणारा आपला नेहमीचा पिंगळा. आधी डोकं बघा. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठसठशीत असतात, वनपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं. मग वनपिंगळ्याची छाती: वर सलग तपकिरी, खाली पोट पांढरंशुभ्र. मी दुर्बिणीतून हे सगळं पाहून वहीत उतरवतो, कॅमेरा त्यानंतर.

रात्री टॉर्च घेऊन फिरू नका. हा दिवसाउजेडी शिकार करणारा पक्षी आहे.

जुन्या नोंदींवरही डोळे मिटून विसंबू नका. 1884 नंतर तब्बल 113 वर्षं वनपिंगळा कुणाला सापडलाच नाही. मधली 1914 ची गुजरातेतल्या मांडवीची नोंद ब्रिटिश पक्षीसंग्राहक मायनर्ट्झहागन यांनी संग्रहालयातून चोरलेल्या जुन्या नमुन्याला (जपून ठेवलेल्या मृत पक्ष्याला) नवी चिठ्ठी लावून बनवलेली होती. अमेरिकी पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती बाजूला सारली, खऱ्या नमुन्यांच्या जागा धुंडाळल्या, आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या जंगलात तो त्यांच्या चमूला दिसला.

पण माझा खरा राग स्पीकरवर आहे. एका डिसेंबरात सागाच्या उघड्या फांदीवर नर बसला होता, पंजात सरडा. मादी जवळच्या ढोलीत. तो आता सरडा तिला नेऊन देणार, एवढ्यात आमच्यातल्या एकाने मोबाइलवरचा वनपिंगळ्याचा रेकॉर्ड केलेला आवाज स्पीकरवर लावला. नर ताठरला, शेपटी डावी-उजवीकडे झटकू लागला आणि आपल्या हद्दीत घुसलेल्या त्या नसलेल्या नराला ओरडून उत्तर देत राहिला. आमच्या कोरकू वाटाड्याने "बंद करा" म्हणून हात जोडले, तेव्हा आवाज थांबला. तरीही पुढची चाळीस मिनिटं सरडा पंजातच होता. तो ढोलीकडे फिरकला नाही.

दोन दिवसांच्या सुट्टीत फोटो हवाच, ही घाई याच्या मुळाशी आहे. ज्याला तासभर गप्प बसवत नाही, त्याने या जंगलात येऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. आता मी जीपमध्ये बसण्याआधीच सगळ्यांचे स्पीकर खोलीवर ठेवायला लावतो.

ढोलीचं नेमकं ठिकाण फोटोसोबत टाकू नका. तालुक्याचं नाव पुरे.

आणि जायचं तर उजाडताना जा. पानगळ झालेल्या सागांमध्ये, नाल्याच्या काठाला पाठ टेकून बसा. शेंडे उन्हात आले की एकेक उघडी फांदी दुर्बिणीने तपासा.