सोसायटीच्या गॅदरिंगमध्ये खून पाडताना या चुका टाळा

कोजागिरीची रात्र, गोव्यात फोंड्यातली आमची गच्ची, टोपात मसाला दूध उकळतंय आणि मी माझी पहिलीवहिली विनोदी रहस्यकथा वाचतोय. कथाही अशाच एका सोसायटीच्या गॅदरिंगमध्ये घडते. तिसऱ्या पानावर पोचलो तोच दुसऱ्या मजल्यावरच्या माई मोठ्यानं म्हणाल्या, "सेक्रेटरीनच मारलो मरे ताका!" बरोबर होतं. माझी चार पानं शिल्लक होती. लोक उठून दुधाच्या रांगेत गेले.

त्यानंतर त्या कथेचे पाच खर्डे झाले. सगळ्या चुका आधी स्वतः करून पाहिल्यात, म्हणून अधिकारानं सांगतो.

मेलेला माणूस फार चांगला असतो

माझ्या पहिल्या खर्ड्यात मेले ते एक निवृत्त शिक्षक. मुलांना फुकट गणित शिकवायचे. असा माणूस गेल्यावर पुढच्या पानावर कोण हसणार? वाचक सुतकात बसतो आणि तुमचे विनोद त्याला निर्लज्ज वाटतात.

दुसऱ्या खर्ड्यात मी मास्तरांना जीवदान दिलं आणि खजिनदाराला मारलं. हा गृहस्थ लाल शाईत नोटिसा लावतो: "जिन्यात चपला ठेवणाऱ्यांची नावे लवकरच जाहीर करण्यात येतील." मेन्टेनन्स थकला की पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवतो. एका झटक्यात एकोणीस फ्लॅटना खुनाचं कारण मिळालं. मात्र माणूस नुसता खाष्ट ठेवू नका. आमचा खजिनदार रोज रात्री पार्किंगमधल्या मांजरीला बांगड्याचं डोकं घालतो. तो गेल्यावर ती पंपाच्या खोलीबाहेर बसून राहते, आणि तेवढ्या एका ओळीत खुनाला वजन येतं.

(आमच्या खऱ्या खजिनदारांनी ही कथा वाचली. त्यांची तक्रार एवढीच, की ते हिरवी शाई वापरतात.)

मृत्युपत्र बदललं म्हणून खून

गोव्यात कथा रचणारे सगळ्यात जास्त इथे आपटतात. म्हाताऱ्यानं मुलांना वगळून सगळी इस्टेट पुतण्याच्या नावे केली, म्हणून मुलानं काटा काढला. मुंबई-पुण्याच्या कथेत चालेल, गोवेकर कुटुंबात नाही. पोर्तुगीज काळापासूनच्या दिवाणी कायद्याची परंपरा इथे आजही चालू आहे, आणि वारसाहक्काचा नवा कायदा 2012 साली केला तेव्हाही तिचा गाभा तसाच ठेवला. वेगळा करार केलेला नसेल तर लग्नानंतर मालमत्ता नवराबायकोची निम्मी निम्मी. नवऱ्याच्या वाट्याला आलेल्या निम्म्यातलाही अर्धा भाग मुलांसाठी राखीव. म्हणजे मुलं असलेल्या माणसाला दोघांच्या एकूण मालमत्तेतला जेमतेम चौथा हिस्सा आपल्या मर्जीनं देता येतो. मुलांना पूर्ण बेदखल करणारं मृत्युपत्र कथेत आलं, की इथला वाचक पान मिटतो. ज्याच्या घरात इन्व्हेंटरीचा (वारसांतल्या वाटणीचा) दावा वीस वर्षं चाललाय त्याला तुम्ही कायदा शिकवणार?

पण याच कायद्यात कारणांची खाण आहे. स्थावर मालमत्ता विकायची तर नवराबायको दोघांची संमती लागते. तेव्हा पैशासाठी खून पाडण्यापेक्षा सहीसाठी पाडा. आता माझ्या कथेत चौथ्या मजल्यावरचा एकजण बायकोची खोटी सही करून फ्लॅट विकायला काढतो. सोसायटीच्या ना-हरकत दाखल्याच्या अर्जावरही तीच खोटी सही. ती ओळखता येते फक्त खजिनदाराला, कारण त्या घराचा मेन्टेनन्सचा चेक दर महिन्याला बायकोच सही करून देते. मृत्युपत्रही मी पूर्ण टाकलं नाही. ते पुण्याहून आलेल्या पुतण्याला दिलं. काका आपल्याला सगळं देणार या भ्रमात तो सगळ्यात संशयास्पद वागतो आणि माई त्याला दुधाचा पेला देता देता म्हणतात, "तुका कितें मेळटलें रे बाबा?"

कोजागिरीला हुर्राक

वातावरणनिर्मितीच्या नादात मी ऑक्टोबरात दोन पात्रांच्या हातात हुर्राकचे पेले दिले होते. हुर्राक म्हणजे काजूच्या बोंडांच्या रसाची पहिली धार. ती साधारण मार्च ते मे, बोंडांच्या हंगामातच मिळते. ऑक्टोबरात मिळेल ती फेणी. तेव्हापासून पात्रांच्या तोंडात काही घालण्याआधी मी कॅलेंडर बघतो. जून-जुलैत मासेमारीबंदी असते, म्हणून ट्रॉलरवरचा ताजा इसवण त्या महिन्यांत कुणाच्या ताटात वाढू नका.

अंतराचंही तेच. एका खर्ड्यात संशयित स्कूटरवरून पणजीच्या मांडवीवरच्या अटल सेतूनं सुसाट पर्वरीला पोचतो. त्या पुलावर दुचाकींना बंदी आहे. त्याची अख्खी अॅलिबी एका वाक्यात कोसळली, आणि ती मी कोसळवली नव्हती. ही चूक मग मी दुरुस्त न करता खोटं बोलणाऱ्या पात्राला देऊन टाकली. तो अटल सेतूचं नाव घेतो आणि पोदेर, म्हणजे दारोदार फिरणारा पाववाला, हसतो.

पोदेराला कथेत घ्याच. संध्याकाळी त्याचा भोंपू वाजतो त्यावर अख्खी बिल्डिंग वेळ सांगते. "पोय घेऊन वर आले तेव्हा खजिनदार खाली नोटीस लावत होते" हे वाक्य सीसीटीव्हीपेक्षा पक्कं. तसाही सोसायटीचा सीसीटीव्ही बंदच असतो.

पुरावा उघड्यावर ठेवला जातो

माईंनी मला तिसऱ्या पानावर पकडलं ते याच चुकीमुळे. विनोदाचे परिच्छेद वेगळे आणि पुराव्याचे वेगळे, असं मी लिहिलं होतं. मजा मजा चालली असताना एकदम गंभीर ओळ: "सेक्रेटरीच्या चपलेला ओली माती लागली होती." हसणं थांबलं की वाचक समजतो, इथे काहीतरी पुरलंय.

त्यावर उपाय म्हणजे पुरावा विनोदातच घालायचा. लोक हसले की त्यांना वाटतं, या वाक्याचं काम झालं.

पाचव्या खर्ड्यात मी हाउजी (पुकारलेले नंबर तिकिटावर खोडायचा तंबोला) आणली. गॅदरिंग आणि हाउजी म्हणजे चवथ आणि माटोळी (गणपतीवर टांगलेली फळाफुलांची आरास). नंबर पुकारणारा आमच्याकडे हमखास विनोदी असतो. दोन बदकं बावीस वगैरे. मध्येच तो ओरडतो, "सत्तेचाळीस! देश सुटला, आम्ही चौदा वर्षं वेटिंग लिस्टवर!" गच्ची हसते, कारण गोवा मुक्त झाला 1961 साली. एक आजोबा दुरुस्ती करतात, "एकोणीस डिसेंबर, तारीख पण सांग." पुन्हा हशा. हे दुसऱ्या पानावर. पाचव्या पानावर चौथ्या मजल्यावरचा कुरकुरतो, "माझं नशीबच फुटकं. फुल हाउसला एकच नंबर राहिला, सत्तेचाळीस, तो काही आलाच नाही." यालाही लोक हसतात. रडणारा माणूस प्रत्येक गॅदरिंगला असतो.

आला होता. सगळ्या गच्चीनं ऐकला होता. तो आला तेव्हा हा गच्चीवर नव्हता.

इथेही माझा एक घोळ झाला. मी खुन्याला पंधरा मिनिटं खाली पाठवलं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या, बारावीत शिकणाऱ्या मुलीनं गणित मांडलं: नव्वद नंबर, तिकिटावर पंधरा, म्हणजे सरासरी दर सहा नंबरांत एक आपला. मिनिटाला तीन नंबर धरले तर पंधरा मिनिटांत पंचेचाळीस, आणि त्याचे सात-आठ तरी हुकणार. मग तो "एकच राहिला" म्हणेलच कसा? खरं होतं. आता तो जेमतेम दोन मिनिटं गायब असतो. बाकीची तयारी आधीच झालेली. खजिनदार मेन बंद करून पंपाला हात लावून बसलेत, ह्याला फक्त जिन्याखालचा स्विच वर करायचाय. रहस्यकथेत हिशेब करणारा एक वाचक नेहमी असतोच. त्याला खर्डा आधीच दाखवा.

किरकोळ, पण नडणारं

खुनी पहिल्या दोन पानांत दिसला पाहिजे. रोनाल्ड नॉक्स या इंग्लिश पाद्रीनं 1929 साली रहस्यकथेचे दहा नियम घातले, त्यातला पहिलाच हा. शेवटच्या पानावर दुबईहून भाऊ उतरवू नका.

एकोणीस फ्लॅटची एकोणीस नावं सांगू नका. सहा माणसं पुरतात, उरलेली गर्दी. नावापेक्षा खोड लक्षात राहते.

पोलीस मठ्ठ दाखवायची जुनी सवय सोडा. ते पंचनामा करतात, मृतदेह शवविच्छेदनासाठी बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातो, आणि अहवाल संध्याकाळच्या चहापर्यंत येत नाही. तुमच्या हौशी गुप्तहेराला तेवढीच मोकळी जागा मिळते. आणि खुनासाठी "कलम 302" लिहू नका. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, खुनाच्या शिक्षेचं कलम आता 103. माझ्या कथेत निवृत्त हवालदार तीनशे दोनच म्हणत राहतात आणि नातू प्रत्येक वेळी दुरुस्त करतो.

राहिली भाषा. निवेदन मराठी असू द्या, पण फोंड्याची माई सदाशिव पेठेत वाढल्यासारखी बोलली तर वाचणारा खुनाआधी तुमच्यावरच संशय घेईल. कोंकणी थोडी, कळेल इतकी. आणि शेजारचा ख्रिस्ती अंकल दर प्रसंगात फेणी पिऊन गिटार घेत असेल तर ती गिटार काढून घ्या. माझ्या कथेत तो लिफ्टच्या एएमसीची (वार्षिक देखभाल कराराची) फाइल सांभाळतो आणि सगळ्यात नीट साक्ष देतो.

गेल्या कोजागिरीला पाचवा खर्डा वाचला. माई पहिल्या रांगेत, पेला हातात. पाचव्या पानापर्यंत गप्प. मग पेला खाली ठेवून म्हणाल्या, "राव रे. दुसरें पान परत वाच पळोवया."

दुधावर साय धरली तरी रांगेत कुणी गेलं नाही.