जुन्या लिनक्स संगणकावर डायल-अप: मोडेमपासून पीपीपीपर्यंत

डायल-अप, म्हणजे फोनच्या लाइनीवरून मोडेमने केलेली इंटरनेटची जोडणी, बिघडते तेव्हा बहुतेक जण पासवर्ड तपासत बसतात आणि दोष असतो केबलमध्ये. म्हणून खालून वर, म्हणजे आधी केबल आणि मोडेम व मग प्रोग्राम, असे जावे आणि मोडेमकडून ‘ओके’ हे उत्तर आल्याशिवाय पीपीपीच्या (फोनच्या जोडणीवरून इंटरनेटची माहिती नेणाऱ्या नियमपद्धतीच्या) फायलींना हात लावू नये.

पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात बाह्य सिरियल मोडेम मिळू शकतो. घेताना त्याच्या तळाचे लेबल नीट वाचावे, कारण काही मोडेमना ९ व्होल्ट एसी लागतो आणि दुकानातला सर्वसाधारण अडॅप्टर डीसी देतो. पिन बसली म्हणजे अडॅप्टर चालेल असे नाही. पीसीआय कार्डाच्या रूपातला ‘विनमोडेम’ मात्र घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात मोडेमचे बरेचसे काम संगणकाच्या प्रोसेसरवर टाकलेले असते, आणि त्याचा ड्रायव्हर ठरावीक कर्नलपुरताच (लिनक्सच्या गाभ्याच्या ठरावीक आवृत्तीपुरताच) चालतो.

संगणक बरीच वर्षे बंद असेल तर मदरबोर्डवरील सीआर२०३२ बॅटरी आधी बदलावी. तपकीर गल्लीत ती सहज मिळते. बॅटरी उतरली की बायोसमधील (संगणक सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रोग्राममधील) नोंदी पुसल्या जातात, त्यामुळे सिरियल पोर्ट चालू ठेवलेला आहे ना, हेही तेथेच पाहून घ्यावे. माझ्या संगणकात तो बंद होता आणि ते लक्षात येईपर्यंत माझ्या दोन संध्याकाळी गेल्या. पहिल्या पोर्टचा पत्ता ३एफ८ आणि आयआरक्यू (प्रोसेसरचे लक्ष वेधणाऱ्या इशाऱ्याचा क्रमांक) ४ असतो. जुने आयएसए कार्ड तोच आयआरक्यू वापरत असेल तर त्याचा जंपर (पिना जोडणारी छोटी टोपी) बदलावा. लिनक्स सुरू झाल्यावर ‘डीमेसेज’ (dmesg) या आज्ञेने दिसणाऱ्या नोंदींत ‘टीटीवायएस०’ (ttyS0, म्हणजे पहिले सिरियल पोर्ट) या नावापुढे १६५५०ए असे दिसले, तर पोर्टला १६ बाइटांचा बफर आहे आणि तो सेकंदाला ११५२०० बिटांचा वेग सांभाळू शकतो, असे समजावे.

आता ‘मिनिकॉम’ (minicom) हा मोडेमशी थेट बोलण्याचा प्रोग्राम सेटअपच्या पर्यायासह उघडावा आणि त्यात तेच पोर्ट, ११५२०० हा वेग व हार्डवेअर फ्लो कंट्रोल (केबलमधील तारांनी माहितीचा ओघ थांबवण्या-सोडण्याची सोय) निवडावे. मग ‘एटी’ ही दोन अक्षरे टाइप करून एंटर दाबावे. ‘ओके’ आले तर निम्मे काम झाले. अक्षरे दिसत नाहीत पण ‘ओके’ येते, असे असेल तर मोडेमचा एको (टाइप केलेली अक्षरे परत दाखवणे) बंद आहे. ‘एटीई१’ दिल्यावर तो सुरू होतो. काहीच उत्तर येत नसेल तर केबल सरळ जोडणीची आहे ना, हे पाहावे, कारण दिसायला हुबेहूब तशीच असणारी, पण दोन संगणक थेट जोडण्यासाठीची नल-मोडेम केबल येथे चालत नाही. पोर्ट उघडण्याची परवानगीच नाकारली गेली, तर आपले खाते ‘डायलआउट’ गटात घालून पुन्हा लॉगिन करावे.

डायल करायला बाहेरचा क्रमांक नसला तरी अडत नाही. घरातील लहान ईपीएबीएक्सच्या (अंतर्गत फोन जोडणाऱ्या छोट्या एक्स्चेंजच्या) दोन एक्स्टेंशनवर दोन मोडेम लावावेत आणि दुसरा मोडेम नव्या लिनक्स संगणकाला जोडून तेथे ‘एमगेटी’ (mgetty, येणारा कॉल उचलणारा प्रोग्राम) व ‘पीपीपीडी’ (pppd, पीपीपी चालवणारा प्रोग्राम) चालवावेत. त्या संगणकावर आयपी फॉरवर्डिंग (माहिती पुढे पाठवणे) आणि मास्करेडिंग (ती स्वतःच्या पत्त्याने पाठवणे) सुरू केले की घरचे ब्रॉडबँड जुन्या संगणकापर्यंत पोहोचते. ईपीएबीएक्सचा डायल टोन मोडेमला ओळखता येईलच असे नाही; अशा वेळी डायल करण्याच्या आज्ञेत ‘एक्स३’ घालावे, म्हणजे तो टोनची वाट न पाहता डायल करतो. दोन्ही टोकांना ॲनालॉग मोडेम असल्यामुळे वेग सेकंदाला ३३,६०० बिटांपलीकडे जात नाही. म्हणजे एका मेगाबाइटला साधारण चार मिनिटे लागतात.

यानंतर जुन्या संगणकावर ‘डब्ल्यूव्हीडायलकॉन्फ’ (wvdialconf) चालवावे. ते मोडेम शोधून, डायल करणाऱ्या ‘डब्ल्यूव्हीडायल’ (wvdial) या प्रोग्रामची फाइल स्वतःच लिहिते. त्या फाइलमध्ये फोन क्रमांक, नाव आणि पासवर्ड यांच्या ओळींपूर्वी अर्धविराम असतो व तो काढल्याशिवाय त्या ओळी वाचल्याच जात नाहीत. ‘स्टुपिड मोड’ सुरू ठेवावा, म्हणजे लॉगिनच्या प्रश्नाची वाट न पाहता थेट पीपीपी सुरू होते.

‘डब्ल्यूव्हीडायल’ चालवून जोडणी झाली की आधी आयपी पत्त्याला पिंग करावे (उत्तर येते का, ते पाहावे) आणि मगच एखाद्या नावाला. पत्त्याला उत्तर येते पण नावाला येत नाही, असे झाले तर चूक डीएनएसच्या (नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेच्या) नोंदीत आहे. दोन्हींना उत्तर नसेल तर नेटवर्क कार्डाचा जुना डीफॉल्ट रूट (बाहेर जाणाऱ्या माहितीचा ठरलेला मार्ग) तसाच राहिलेला असू शकतो; पीपीपीडी तो आपणहून बदलत नाही, म्हणून तो काढून पुन्हा डायल करावे.

वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की मोडेमची फोनची वायर आणि अडॅप्टर दोन्ही काढून ठेवावेत, कारण केवळ स्विच बंद केल्याने फोनच्या वायरीतून येणारा झटका थांबत नाही.