आत्याला घेऊन केळकर संग्रहालय पाहायचं असेल तर

शुक्रवारी रात्रीच पुण्यात पोचा आणि शनिवार पूर्ण घरच्यांना द्या. आल्या आल्या भाचा पुणं पाहायला निघाला की माणसं दुखावतात, आणि मग रविवारी तुमच्याबरोबर यायला कुणी तयार होत नाही.

रविवारी नाश्ता झाला की निघा आणि दहाच्या सुमारास संग्रहालयाच्या दारात असा. ‘जेवून निवांत जाऊ’ हा सल्ला जो तो देतो. तो ऐकू नका. जेवणानंतर वामकुक्षी, मग चहा, आणि घड्याळात साडेचार वाजलेले असतात.

राजा दिनकर केळकर संग्रहालय हे त्याचं पूर्ण नाव, आणि ते शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्याजवळ नातूबागेत आहे. गाडी नेऊ नका, लावायला जागा मिळत नाही. मेट्रोनं मंडईला उतरून चालत जाता येतं, पण कुणाचे गुडघे दुखत असतील तर सरळ रिक्षा करा.

खरी अडचण आत गेल्यावर सुरू होते. मी इथे दोनदा चुकलो. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली आणि त्या वीस हजारांच्या वर गेल्या. मांडलेल्या आहेत त्याच अडीच हजारांच्या घरात. पहिल्या वेळी मी आत्याला तळमजल्यापासून एकेक दालन दाखवत वर नेलं. शेवटच्या जिन्यात ती कठड्याला धरून पायरीवरच बसली आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या वेळी दालनं कमी केली, पण प्रत्येक पाटी मीच मोठ्यानं वाचत राहिलो. ती मागून मुकाट चालत होती. ते त्याहून वाईट.

तिसऱ्या वेळी शनिवारी रात्रीच तिला विचारलं, ‘तुझ्या लहानपणी घरात काय काय होतं गं?’ त्यातून कळलं की कुठल्या दालनात जायचं. दुसऱ्या दिवशी ती वज्रीसमोर थांबली आणि माझ्या मुलीला टाचा कशा घासायच्या ते हातवारे करून सांगू लागली. मग अडकित्ते, दिवे, दौती, खवण्या. पाऊण तास ती बोलत होती, आम्ही ऐकत होतो. तेव्हापासून माझा नियम एकच: सांगणारं माणूस घरातलं ज्येष्ठ, आणि दालनं फक्त दोन.

पहिलं घरगुती वस्तूंचं. दुसरं मस्तानी महाल. तो मूळ कोथरूडचा, तिथून आणून इथे पुन्हा उभारलेला. आत्या कोथरूडलाच राहते, त्यामुळे तिला तो जवळचा वाटतो. बाकीचं पुढच्या खेपेला. ‘आलोच आहोत तर सगळं पाहू’ असं कुणी म्हटलं तर स्पष्ट नाही म्हणा. आणि दमल्यावर नव्हे, दमायच्या आधी बसवा. दर वीस मिनिटांनी.

मुलं बरोबर असतील तर आत शिरण्यापूर्वीच त्यांना नावामागची गोष्ट सांगा. राजा हा केळकरांचा एकुलता एक मुलगा. तो लहानपणीच गेला. त्याच्या आठवणीत वडिलांनी हे सगळं उभं केलं आणि १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाला देऊन टाकलं. चष्म्याचं दुकान चालवणारा, ‘अज्ञातवासी’ नावानं कविता लिहिणारा हा माणूस. हे ऐकल्यावर मुलं धावत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

दीड तास पुरे. बाराच्या आत बाहेर पडा.

जेवण घरीच करा, हॉटेलात नको. परतीचं तिकीटही रात्रीचं काढा. त्या तिसऱ्या वेळी जेवणं झाल्यावर काकांनी माळ्यावरून आत्याच्या आईची पितळी भांड्यांची पेटी खाली काढली, आणि आमची चारची गाडी चुकली.