घरातल्या लोकगीताचा बदललेला अर्थ कसा शोधावा

लोकगीताचा अर्थ पिढ्यांमधून कसा बदलत आला हे शोधायचे असेल, तर सुरुवात छापील संग्रहापासून करू नये. संग्रहात बहुधा गाण्याचा एकच पाठ, म्हणजे एकच शब्दरूप, असतो, तो संपादकाने निवडलेला असतो आणि अनेकदा प्रमाण मराठीकडे झुकवलेलाही असतो. बदल दिसायला तेच गाणे निदान तीन तोंडांतून आलेले असावे लागते. म्हणून आजीला, आईला आणि शाळकरी मुलीला, अशा तिघींनाही येणारे एखादे गाणे निवडावे. या कामाला भोंडल्याची किंवा हादग्याची गाणी सर्वांत सोयीची आहेत, कारण अश्विन महिन्यात ती आजही फेर धरून म्हटली जातात आणि त्यांचा कर्ता कोणालाच ठाऊक नसल्यामुळे ती बदलताना कोणालाही संकोच वाटलेला नाही. जात्यावरच्या ओव्या याहून समृद्ध आहेत, पण नवख्याने त्यांच्यापासून सुरुवात करू नये. ओवी गाणारी बाई ती गाता गाता घडवत असते, त्यामुळे तिथे मूळ कोणते आणि बदल कोणता हा प्रश्नच पुष्कळदा गैरलागू ठरतो.

गाणे ‘सांगा’ असे म्हणू नये, ‘म्हणा’ असे म्हणावे. सांगायला बसलेली बाई अडलेली ओळ अर्थाने जुळवून घेते, न कळणारा शब्द गाळते आणि शिकलेल्या नातवासमोर आपले ‘पानी’ सावरून ‘पाणी’ करते. गाताना मात्र चाल तिला पुढे ओढत नेते आणि ज्या शब्दाचा अर्थ तिला स्वतःला सांगता येणार नाही तोही जसाच्या तसा बाहेर पडतो. आपल्याला नेमके तेच शब्द हवे असतात. शक्य असेल तर भोंडल्याचे गाणे फेर धरूनच म्हणून घ्यावे आणि ओवी जात्याचा खुंटा हाती असताना ऐकावी. पिठाच्या गिरण्या आल्यापासून दळणाचे जाते घरोघरी कोपऱ्यात गेले, तरी पुष्कळ लग्नघरांत घाणा भरताना अजून जात्याची पूजा होते आणि म्हाताऱ्या बायका त्या वेळी आपणहून गाऊ लागतात. फोनवर सबंध गाणे ध्वनिमुद्रित करावे, मधे थांबवून अर्थ विचारू नये. तिच्या संमतीशिवाय ते कुठेही पाठवू नये, कारण ओवीत सासू, दीर, जाऊ नावानिशी येतात आणि भावकीत त्याचे वेगळेच पडसाद उमटू शकतात.

लिहून काढताना कानाला जे ऐकू आले तेच लिहावे. ‘न’ आणि ‘ण’ यांची अदलाबदल, ऱ्हस्वदीर्घ, अर्थहीन वाटणारे अक्षर यांपैकी काहीही सुधारू नये. गाणारीचे वय आणि शिक्षण यांबरोबर तिचे माहेर कोणते आणि सासर कोणते हे दोन्ही लिहावे, कारण या नोंदीवाचून पुढची सगळी तुलना फसते. भोंडल्याची गाणी मुली लहानपणी माहेरी शिकतात. पुण्यात चाळीस वर्षे राहिलेल्या पण अकोल्यात वाढलेल्या आजींचे गाणे पुण्याचे म्हणून नोंदवले, तर प्रदेशाचा फरक पिढीचा फरक समजला जातो. जात्यावरच्या ओव्यांत बाईचे माहेर आणि सासर पुष्कळदा मिसळलेले असते, म्हणून तिथे ही ओवी कोणाच्या शेजारी बसून शिकलात, असे ओवीवार विचारणे बरे.

तीन पाठ हाती आले की एका मोठ्या कागदावर तीन रकाने आखून ते ओळीला ओळ लावून मांडावेत. नमुन्यादाखल भोंडल्याची सुरुवात ज्या गाण्याने होते ते ‘ऐलमा पैलमा गणेश देवा’ घेऊ. या गाण्याची बांधणी साखळीची आहे. एका ओळीचा शेवट पुढच्या ओळीची सुरुवात होतो: गुंजावाणी डोळे, मग त्या डोळ्यांच्या टीका, खायला दुधोंडे, मग दुधोंड्याची टाळी, थेंबोथेंबी पडणारा पाऊस, मग थेंबोथेंबी आडव्या लोंबी. पाठ ताडून पाहताना लक्षात येते की साखळीच्या सांध्यावरचे शब्द सहसा हलत नाहीत, कारण ते चुकले तर पुढची ओळच सुरू होत नाही. बदल होतात ते सांध्यांच्या मधल्या जागेत. म्हणून कोणताही शब्द तपासताना तो सांध्यावर आहे की मोकळ्या जागेत आहे, हे आधी पाहावे.

याच गाण्यात काही जणी ‘आयुष्य दे रे भामाळी’ असे म्हणतात. भामाळी म्हणजे काय हे विचारले तर उत्तर मिळत नाही. पुढची ओळ मात्र ‘माळी गेला शेताभाता’ अशी आहे. साखळीचा नियम लावला की ‘बा माळी’ असे दोन शब्द मोकळे होतात आणि आयुष्य मागितले जात आहे ते माळ्याकडे, हे उलगडते. इथे अर्थ बदललेला नाही, तो फक्त झाकला गेला आहे. अशा जागांची नोंद निराळी ठेवावी.

खरा बदल त्याच गाण्यात थोडा आधी आहे. ‘आमच्या गावच्या भुलोजी नायका’ अशी हाक काही पाठांत आहे, तर इतर पाठांत, छापील पाठांतही, तिथे ‘भुलोजी बायका’ असे आहे. मागच्या ओळीतल्या ‘टीका’शी दोन्ही शब्दांचे यमक जुळते, त्यामुळे कानाला काहीच खटकत नाही आणि यमकावरून निवाडाही करता येत नाही. अशा वेळी गाण्याबाहेर पाहावे लागते. विदर्भात आणि खानदेशात भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसवतात. भुलाबाई म्हणजे पार्वती आणि तिच्या शेजारी मातीचा भुलोजी म्हणजे शंकर. ज्या मुलीने तो भुलोजी डोळ्यांनी पाहिला आहे तिला त्याला नायक म्हणणे स्वाभाविक वाटेल. पुण्याकडे पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती फेर धरतात, तिथे भुलोजी नावाचा कोणी समोर नसतोच. ज्याला हाक मारायची तोच नाहीसा झाला की हाकेचे पद मोकळे होते आणि फेरात ज्या असतात त्याच, म्हणजे बायका, त्या जागी येऊन बसतात. देवाला मारलेली हाक अशा रीतीने खेळणाऱ्या बायकांचे वर्णन होते. कोणताही पाठभेद सापडला की असा प्रश्न विचारावा: या शब्दाने दाखवलेली वस्तू, व्यक्ती किंवा रीत गाणारीच्या गावात तेव्हा होती का? बहुतेक वेळा शब्दाच्या आधी रीत गेलेली असते.

उलट, त्याच गाण्यातले ‘भोंडल्या तुझी सोळा वर्षं’ हादगा म्हणणाऱ्या भागात ‘हादग्या तुझी सोळा वर्षं’ होते. तिथे एका नावाजागी त्याच खेळाचे दुसरे नाव आले आहे, अर्थाला धक्का लागलेला नाही. असे भेद एका ओळीत नोंदवून पुढे जावे. नवशिके अभ्यासक यांवरच पाने खर्च करतात.

शब्द तेच राहिले तर

इथपर्यंतचे काम तुलनेने सोपे आहे. अवघड काम तिथे सुरू होते जिथे तिन्ही रकान्यांत शब्द जवळजवळ सारखे आहेत आणि तरीही गाणे तिघींसाठी तीन निराळ्या गोष्टी सांगते. ‘श्रीकांता कमलकांता’ हे गाणे याचा उत्तम नमुना आहे. वेड्याची बायको पदार्थ करते, वेडा तिकडून येतो, डोकावून पाहतो आणि लाडवांना चेंडू समजतो, करंज्यांना होड्या समजून पाण्यात सोडतो. आजच्या भोंडल्यात हे सर्वांत आवडते विनोदी गाणे आहे आणि मुली त्यात नवेनवे पदार्थ घालत राहतात, कारण त्याचा साचाच तशी मुभा देतो.

या गाण्यात तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, बोलते कोण. कडव्यांत ‘वेड्याच्या बायकोने’ असे तिऱ्हाईताचे निवेदन आहे, पण ध्रुवपदात ‘असं कसं वेड माझ्या नशिबी आलं’ अशी तिची स्वतःची वाणी आहे. सगळा फेर एका सुरात टाळ्या देत ध्रुवपद म्हणू लागला की ‘माझ्या’ हा शब्द कोणाचाच राहत नाही. दुसरी, शेवटचे कडवे कोणते. जुन्या पाठांत शेवटी बायको पलंगावर झोपलेली असते आणि वेडा ‘मेली मेली’ म्हणून तिला जाळून टाकतो. हे कडवे कोण म्हणते, कोण गाळते आणि कोण मधेच उरकून खाण्याच्या पदार्थावर गाणे संपवते, याची नोंद काटेकोर ठेवावी, कारण त्या एका कडव्यावर सबंध गाण्याचा भाव फिरतो. ते शेवटी असेल तर आधीचे लाडू आणि करंज्या त्या शेवटाकडे नेणारे टप्पे ठरतात. ते नसेल तर उरतो तो केवळ वेंधळेपणा. तिसरी, हे गाणे कोणत्या वयाच्या मुलीने कोणत्या काळात म्हटले. मुलींच्या लग्नाचे किमान वय कायद्याने चौदा ठरवणारा शारदा कायदा १९२९ सालचा आहे आणि त्यानंतरही लहान वयातली लग्ने लगेच थांबली नाहीत. नवरा न पाहता, न विचारता ज्यांची लग्ने ठरत त्या मुली हे गाणे म्हणत असताना त्यातला नवरा त्यांच्या कल्पनेतला नव्हता, तो उद्याच समोर येऊ शकणारा होता. हसणे तेव्हाही असेलच. तरी ते हसणे आणि संकुलाच्या वाहनतळात ध्वनिक्षेपकावर म्हटल्या जाणाऱ्या गाण्यावरचे हसणे एकच आहे, असे मला वाटत नाही. आता काही घरांत मानसिक आजाराची थट्टा नको म्हणून हे गाणे वगळतात. म्हणजे गाण्यात दुःख कोणाचे आहे याचे उत्तरच बायकोकडून नवऱ्याकडे सरकले आहे, आणि त्यासाठी एकही शब्द बदलावा लागलेला नाही.

‘कारल्याचा वेल’ या गाण्याला हीच तपासणी शेवटाकडून लावावी. सुनेला माहेरी जायचे आहे, सासू एकामागून एक अट घालते: वेल लाव, कारले येऊ दे, भाजी कर. काही पाठांत शेवटी फणी येते, वेणी घातली जाते आणि सून माहेरी निघते. काहींत तिला सासू, सासरा असे करत नवऱ्यापर्यंत विचारत फिरावे लागते आणि तिथे काठी निघते. दोन्ही शेवट एकाच बाईला ठाऊक असतील तर ती कोणता शेवट कोणासमोर म्हणते हे विचारावे. लहान मुलींसमोर बहुधा वेणीच घातली जाते.

ओव्यांकडे वळताना काम करण्याची रीत थोडी बदलावी लागते, कारण तिथे ओळ टिकत नाही, साचा टिकतो. ‘पहिली माझी ओवी’ या साच्यात पहिली ओवी एका देवाला, दुसरी दुसऱ्याला अशी वाहिली जाते. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरमधल्या बायकांनी याच साच्यात बाबासाहेबांच्या ओव्या गायल्या आहेत आणि त्या ध्वनिमुद्रित झालेल्या आहेत. देवाच्या जागी बाबासाहेब आले, म्हणजे केवळ नाव बदलले असे इथे म्हणता येणार नाही, आणि हादग्याच्या नावबदलाशी याची गल्लत करू नये. देवाच्या नावाने दळण सुरू करण्याची जागा तीच राहिली, त्या जागेचा मानकरी मात्र गाणारीने जाणूनबुजून बदलला. ऐकण्यातल्या चुकीने झालेला बदल आणि ठरवून केलेला बदल वेगळे ओळखण्याची खूण अशी की ठरवून केलेला बदल पुढच्या ओळींतही पाझरतो. त्यांत नवी गावे, नवी पुस्तके, नवे रंग येतात. ऐकण्यातली चूक मात्र आपल्या एका शब्दापुरती एकटी राहते.

ओव्यांसाठी स्वतःचे तीन पाठ मिळाले नाहीत तरी अडत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्याहून उभ्या केलेल्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या आहेत. त्यांतील पुष्कळ ओव्या गाणारीच्या नावागावासह ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहस्थळावर वाचता आणि ऐकता येतात. आपल्या आजीची ओवी तिथे दुसऱ्या तालुक्यातल्या बाईच्या तोंडून सापडली, तर तिसरा रकाना भरतो.

जुन्या शब्दांसाठी दोन कोश जवळ ठेवावेत: मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, ज्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची आहे, आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, ज्याचे सात भाग १९३२ ते १९३८ या काळात निघाले. शिकागो विद्यापीठाच्या कोशस्थळावर दोन्ही मोफत पाहता येतात. कोश उघडण्याआधी मात्र गाणारीला तिचा अर्थ विचारून तो लिहून ठेवावा, आणि तो चुकीचा वाटला तरी तिला तसे सांगू नये. तिचा अर्थ ही त्या गाण्याची आजची स्थिती आहे. कोशातला अर्थ ही फार तर त्याची एक जुनी स्थिती आहे. एकदा दुरुस्त केलेली बाई पुढच्या वेळी आपले गाणे म्हणत नाही, तुमचे म्हणते, आणि तिच्याकडून शिकणारी नातही मग तुमचेच शिकते.

कोणता पाठ जुना, याचा निवाडा शक्यतो पुढे ढकलावा. सोप्या शब्दाच्या जागी अवघड शब्द असलेला पाठ जुना, हा अंदाज पुष्कळदा खरा ठरतो, कारण माणसे न कळणारा शब्द कळणाऱ्याने बदलतात, उलट सहसा करत नाहीत. पण भामाळीसारखा शब्द अवघड दिसत असूनही नुसता चिकटलेला असतो. म्हणून हा अंदाज साखळी, यमक आणि रीत या तीन तपासण्यांनंतरच वापरावा. वयावरून निवाडा करू नये. ऐंशी वर्षांच्या आजींनी एखादे गाणे साठाव्या वर्षी कॅसेटवरून शिकलेले असू शकते आणि त्यांच्या नातीने ते गावाकडच्या आत्याकडून घेतलेले असू शकते.

शेवटी नोंद अशी ठेवावी: वर गाणारीचे नाव तिच्या परवानगीने, माहेर, सासर, कोणाकडून शिकली आणि गायल्याची तारीख, मधे सबंध गाणे ऐकल्याप्रमाणे, खाली तिने सांगितलेला अर्थ तिच्याच शब्दांत, आणि त्याखाली वेगळ्या शाईत आपली टिप्पणी. नोंदीची एक प्रत आणि ध्वनिमुद्रण तिच्या घरी द्यावे. पुढच्या नवरात्रात तिने तेच गाणे थोडे वेगळे म्हटले, तर जुनी नोंद खोडू नये, नव्या तारखेचा नवा रकाना आखावा.