होकुसाईच्या लाटेचा टीशर्ट घेताय? थांबा जरा
एफसी रोडला होकुसाई या जपानी चित्रकाराच्या लाटेवाला टीशर्ट दिसला की लगेच पैसे काढू नका, आधी चित्र नीट बघा, १८३१ च्या आसपासचं मूळ चित्र आहे त्यात मोठी लाट डावीकडे, खाली तीन होड्या आणि मागे इवलासा फुजी पर्वत. माझ्या पहिल्या टीशर्टवर सगळं उलटं छापलेलं आणि मी वर्षभर मिरवला!

कापड १८० जीएसएम (म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) तरी हवं. प्रिंट हलकं ताणून बघा, भेगा दिसल्या तर ठेवून द्या.

धुताना उलटा करून गार पाण्यात, ब्रश अजिबात नाही (मावशींना आधीच सांगून ठेवा), इस्त्रीपण उलट्या बाजूनेच. एप्रिलमध्ये गच्चीवर टाकला तर तासाभरात वाळतो खरा पण निळा रंग उडतो, सावलीतच टाका.